फिरता दवाखाना सुरू करताना: यंत्रांच्या यादीआधी परतीची तारीख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेला एक मोठी गाडी देणगीत मिळाली आहे. एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि एक चालक एवढी माणसं हाताशी आहेत. आरोग्य केंद्रापासून लांब पडलेल्या 20 वस्त्या तुम्ही निवडल्या आहेत. आजार बळावल्यावर औषधं वाटण्यापेक्षा तो होऊच नये, किंवा निदान वेळेत सापडावा, यासाठी काम करायची तुमची इच्छा आहे. एक दाते एक्स-रे यंत्रही द्यायला तयार आहेत आणि त्यांना महिनाअखेरीपर्यंत उत्तर हवं आहे. तेव्हा गाडीत कोणती यंत्रं बसवावीत आणि दिवसाला किती माणसं तपासून होतील, असं तुम्ही विचारलं आहे.

मी परिचारिका आहे. सतरा वर्षं फिरत्या दवाखान्यावर होते. त्यातली शेवटची आठ वर्षं गाडीचं वेळापत्रक आणि नोंदी माझ्याकडे होत्या. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमचं काम अडणार आहे ते तिसऱ्याच ठिकाणी. आज ज्या बाईचा रक्तदाब वाढलेला निघाला तिला तुम्ही पुन्हा कोणत्या तारखेला भेटणार, आणि ती त्या दिवशी आली नाही तर ते तुमच्या लक्षात कसं येणार? या दोन गोष्टी ठरल्या की यंत्रांची यादी जवळजवळ आपोआप ठरते. त्या न ठरवता गाडी निघाली, तर कितीही चांगली यंत्रं असोत, तुम्ही लोकांच्या हातात फक्त आकडे देऊन परत याल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. परिचारिकेला कोणती औषधं सुरू करता येतात, की प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टरांचीच सही लागते, हे तुमच्याकडच्या कायद्यावर आहे. सर्वांत जवळचं केंद्र आठवड्यातून किती दिवस खरोखर उघडं असतं, यावर तुम्ही माणसं पुढे पाठवायची की स्वतःच सांभाळायची हे ठरेल. वस्तीतली माणसं वर्षभर तिथेच राहतात, की हंगामात कामासाठी बाहेर जातात? जात असतील तर माझं खालचं गणित तुम्हाला बदलावं लागेल. आणि पावसात रस्ता बंद होत असेल, तर वर्षाच्या त्या भागाचं वेळापत्रक वेगळं लागेल. हे सोडून बाकी जे लिहिते ते बहुतेक ठिकाणी लागू पडावं.

आमच्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही शिबिरासारखं काम केलं. एका वस्तीत जायचं, दिवसभरात 150-180 माणसं तपासायची, ज्यांच्यात काही सापडलं त्यांना तालुक्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुढची वस्ती. अहवाल फार छान दिसायचे. सुमारे वर्षभराने आम्ही एका वस्तीत पुन्हा गेलो, तेव्हा एक बाई रांगेत न लागता सरळ माझ्याकडे आली. आम्ही दिलेली चिठ्ठी तिने प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपून ठेवली होती. रुग्णालयात ती गेली नव्हती. जाऊन यायला पूर्ण दिवस जाणार, त्या दिवसाची मजुरी बुडणार, आणि तिथे कोणत्या खोलीत कोणाला विचारायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तोवर तिच्या पायाला जखम होऊन ती चिघळली होती. साखर वाढलेली आहे हे आम्हाला वर्षभर आधी माहीत होतं. तिनेही विश्वासाने ते जपून ठेवलं होतं. मधलं वर्ष आमचं होतं आणि आम्ही ते वाया घालवलं. त्या दिवशी गाडीत बसून आम्ही जुन्या नोंदी काढल्या, तर चिठ्ठी दिलेल्यांपैकी पुढे कोण पोहोचलं याची एकही ओळ आमच्याकडे नव्हती. तेव्हापासून आम्ही शिबिरं बंद केली.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे एक डॉक्टर वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात काम करत असत. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही तिच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते, म्हणजे जिथे गरज जास्त तिथे सेवा कमी, हा नियम त्यांनी 1971 मध्ये मांडला. तो नियम बऱ्याच जणांना ठाऊक असतो. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी आपल्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजला आणि ज्यांचा वाढलेला होता त्यांच्यामागे ते वर्षानुवर्षं लागून राहिले. जो आला नाही त्याला शोधून काढलं. त्यांच्याकडे होतं ते रक्तदाबाचं यंत्र, वही आणि त्याच माणसांकडे पुन्हा जाण्याचा हट्ट. फिरत्या दवाखान्याला एवढ्या भांडवलावर खूप काही करता येतं.

आता तपासण्यांकडे येते. कोणता आजार गाडीवर शोधायचा हे ठरवायला विल्सन आणि युंगनर या दोन तज्ज्ञांनी 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडलेले दहा निकष आजही उपयोगी पडतात. ते सगळे इथे देत नाही. त्यातले तीन मी नव्या प्रत्येक तपासणीला लावते. सापडलेल्या आजारावर मान्य उपचार आहे का? तो उपचार या माणसाला खरोखर मिळू शकतो का? आणि हे शोधकाम एकदाच करून थांबणार, की सतत चालू राहणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती तपासणी मी गाडीवर ठेवत नाही, दाते कितीही आग्रह करोत. उपचाराची वाट नसताना आजाराचं नाव सांगणं हा त्या घरावर टाकलेला भार आहे.

आणखी एक गोष्ट नव्या पथकांच्या लक्षात येत नाही. समजा एखादा आजार 1000 माणसांत 10 जणांना आहे. तपासणी चांगली आहे: आजारी असलेल्या 100 पैकी 90 जणांना बरोबर ओळखते आणि निरोगी 100 पैकी 90 जणांना बरोबर निरोगी म्हणते. आता 1000 जण तपासा. आजारी 10 पैकी 9 सापडतील. पण निरोगी 990 पैकी 99 जणांनाही ती चुकून आजारी ठरवेल. म्हणजे ‘सापडले’ म्हणून तुमच्यासमोर 108 जण उभे राहतील आणि त्यातले खरे फक्त 9. उरलेल्या 99 जणांची झोप उडेल, त्यांना प्रवास पडेल, पुढच्या तपासण्या पडतील. म्हणून ज्या तपासणीची खात्री करणारी दुसरी तपासणी तुमच्या हाताशी नाही, ती सरसकट सगळ्यांवर करू नका. दिवसाला खूप माणसं तपासण्याचा मोह इथेच सर्वांत महाग पडतो.

रक्तदाब हा तुमच्या कामाचा कणा असू द्या. तो वाढलेला असला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, मोजायला सोपा आहे, औषधं जुनी आणि परिणामकारक आहेत, आणि तो आटोक्यात राहिला तर पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार टळतात. पण मोजणं सोपं आहे म्हणून ते घाईत होतं, आणि चुकीचं होतं. माणूस उन्हातून चालत येतो, गाडीच्या तीन उंच पायऱ्या चढतो, धापा टाकत स्टुलावर बसतो, आपण बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो आणि यंत्र चालू असताना त्याचं नाव-वय विचारतो. असा मोजलेला आकडा निरुपयोगी आहे. पाठीला टेकू असलेली खुर्ची, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, 5 मिनिटं शांत बसणं, मोजताना बोलणं नाही. आधीच्या अर्ध्या तासात तंबाखू, चहा-कॉफी नको आणि लघवी तुंबलेली नको. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. पट्टे किमान तीन मापांचे ठेवा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. या सगळ्यासाठी आम्ही खुर्च्या गाडीबाहेर सावलीत मांडायला लागलो. त्याने म्हाताऱ्या माणसांचा पायऱ्या चढण्याचा त्रासही वाचला.

140/90 किंवा त्याहून जास्त आकडा एका दिवशी आला म्हणून कोणाला आयुष्यभराचा आजार चिकटवू नका. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून तो तसाच आला तरच तो पक्का धरायचा. म्हणजे पाहा, अगदी निदानासाठीसुद्धा तुम्हाला परत जावं लागतं. एकदाच जाऊन वाढलेल्या रक्तदाबाचं निदान करता येत नाही. याला अपवाद म्हणजे 180/120 च्या पुढचा आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, नजर जाणं. अशा माणसाला त्याच क्षणी हलवायचं. त्यासाठी कोणती गाडी, कोणत्या रुग्णालयात, कोणाला फोन, हे पहिल्या दिवसाआधी कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवलेलं असलं पाहिजे.

साखरेबद्दल थोडक्यात. बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर मोजणं संशय घेण्यापुरतं चांगलं आहे. निदानासाठी उपाशीपोटी 126 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 6.5 टक्के, किंवा त्याहून जास्त, हे आकडे धरतात आणि तेही लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा पडताळून. शेवटचं कधी खाल्लं हे प्रत्येकाला विचारून आकड्याशेजारी लिहा, नाहीतर महिन्यानंतर त्या आकड्याचा अर्थ कोणालाच लागणार नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा. उन्हात उभ्या गाडीत उष्णतेने आणि दमटपणाने पट्ट्या खराब होतात आणि त्या खराब झाल्या आहेत हे दिसत नाही.

मुलांसाठी मला सर्वांत आवडतं साधन म्हणजे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा घेर 115 मिलिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, 115 ते 125 च्या मध्ये असेल तर मध्यम. वीज लागत नाही, बिघडत नाही, आणि आईलाही शिकवता येते. आम्ही प्रत्येक वस्तीत पाच-सहा आयांना ती वापरायला शिकवलं. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात घसरलेलं मूल त्यांनीच आधी हेरलं, असं कितीतरी वेळा झालं. वजनकाटा मात्र गाडीत ठेवू नका. गाडी जरा जरी तिरपी उभी असली तरी आकडा फसवतो. काटा घट्ट, सपाट जमिनीवर ठेवा आणि रोज सकाळी ठरावीक वजन ठेवून तपासा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी फिरत्या गाडीला विशेष साजते, आणि तुमच्या प्रश्नात ती दिसली नाही म्हणून आवर्जून लिहिते. जागतिक आरोग्य संघटना 30 व्या वर्षापासून, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी सुचवते, दर 5 ते 10 वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी 25 व्या वर्षापासून, दर 3 ते 5 वर्षांनी. चाचणीसाठीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. ही स्वतः घेण्याची सोय आल्यावर, तपासणीच्या टेबलावर कधीच न येणाऱ्या बायका आमच्याकडे यायला लागल्या. दोष आढळला तर योग्य प्रशिक्षण घेतलेली परिचारिका उष्णतेने तो भाग नष्ट करण्याचा उपचार करू शकते. त्यासाठी भूल लागत नाही आणि उपकरण हातात मावतं. मात्र कोणाला हा उपचार चालेल आणि कोणाला मोठ्या रुग्णालयातच पाठवावं लागेल, हे ओळखायचं शिक्षण आधी पूर्ण झालं पाहिजे. रक्तदाबात बारा भेटी लागतात तिथे या कामात दोन-तीन भेटी पुरतात. तुमच्या पथकाची क्षमता मर्यादित असताना हा फरक फार मोठा आहे.

लसीकरण स्वतंत्रपणे सुरू करू नका, सरकारी लसीकरणाला गाडी जोडा. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि गाडीत खरा धोका उष्णतेइतकाच गोठण्याचा असतो. धनुर्वात, ब प्रकारची कावीळ, एचपीव्ही या लसी एकदा गोठल्या की वाया गेल्या. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक थेट लसीच्या डब्यात घालायचा नाही. थोडा वितळून आत पाण्याचा खळखळाट ऐकू आला की मगच घालायचा. ही सवय एका माणसाच्या अंगवळणी पडेपर्यंत तीच जबाबदारी त्याच्याकडे ठेवा.

आता दिवसाला किती माणसं. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 म्हणजे 8 तास. जाण्यायेण्याचे 2 तास, मांडामांड आणि आवराआवर 1 तास, जेवण अर्धा तास. उरले साडेचार तास. दोन परिचारिका म्हणजे एकूण 540 मिनिटं. नव्या माणसाला नीट तपासायला, त्याच्याशी बोलायला 20 मिनिटं लागतात, जुन्याला 10. तेव्हा 15 नवे आणि 24 जुने, असे 39 जण. डॉक्टरांनी रांग तपासायची नाही. परिचारिकांना ज्यांच्याबद्दल शंका आहे आणि ज्यांची औषधं बदलायची आहेत, तेवढेच त्यांनी पाहायचे.

39 हा आकडा तुमच्या दात्यांना लहान वाटेल. म्हणून पुढचं गणितही त्यांच्यासमोर मांडा. समजा 15 नव्यांमध्ये 3 जण असे निघाले ज्यांना दरमहा भेटायला हवं. दर फेरीला 3 वाढत गेले, तर आठव्या फेरीत एका थांब्यावर 24 जुने झाले. म्हणजे आठ महिन्यांत जुन्यांसाठी ठेवलेला सगळा वेळ भरला. त्यानंतर काय? हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि नवव्या महिन्यात आमचं सगळं कोसळलं. रांग लांबली, परिचारिका घाई करू लागल्या, आणि 5 मिनिटं शांत बसवणं पहिल्यांदा सुटलं. उपाय आहे. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात आला त्यांना दरमहा बोलवायची गरज नाही, 3 ते 6 महिन्यांनी पुरतं. मधल्या काळात वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका मोजेल आणि औषधं देईल. ज्यांना जमतं त्यांना केंद्राकडे सोपवा. पण ही व्यवस्था पहिल्या महिन्यातच उभी करायला लागा, आठव्या महिन्यात ती उभी राहत नाही.

वीस वस्त्या जमणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. आठवड्यातल्या कामाच्या पाच दिवसांतला एक दिवस गाडीची दुरुस्ती, औषधसाठा, नोंदी आणि न आलेल्यांना फोन यासाठी लागतो. तो दिवस खाऊ नका. उरले 4 दिवस. चार आठवड्यांची फेरी म्हणजे 16 दिवस. त्यातले 2 दिवस मोकळे ठेवा, कारण गाडी बिघडणार, रस्ता बंद होणार, कोणीतरी आजारी पडणार. राहिले 14 थांबे. शेजारच्या वस्त्या एका थांब्यावर जोडता येत असतील तर जोडा, नाहीतर सहा वस्त्या पुढच्या वर्षावर टाका. फेरी 28 दिवसांची ठेवली की वार बदलत नाही. ‘महिन्याचा दुसरा मंगळवार’ यापेक्षा ‘दर चौथा मंगळवार’ सांभाळायला तुम्हाला सोपं जातं, लोकांसाठी मात्र प्रत्येकाच्या कार्डावर पुढची तारीखच लिहा. औषधं 28 दिवसांची न देता 35 दिवसांची द्या. एखादी फेरी हुकली तर तो आठवडा उपयोगी पडतो आणि मोकळे ठेवलेले 2 दिवस त्याच आठवड्यात वापरून तुम्ही पोहोचू शकता. आणि येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, प्रत्येक वेळी. एकदा लोक उन्हात वाट पाहून परत गेले की पुढच्या तीन फेऱ्यांना गर्दी निम्मी होते, आणि निम्मी होते ती नेमकी गरजू माणसांची.

नोंदींसाठी संगणक असेल तर उत्तम, पण सुरुवात कागदावर करा. आमची पद्धत अशी होती: प्रत्येक थांब्याची वेगळी पेटी, प्रत्येक माणसाचं एक कार्ड, आणि पेटीत तारखांचे कप्पे. माणूस येऊन गेला की कार्ड पुढच्या तारखेच्या कप्प्यात जायचं. संध्याकाळी आजच्या कप्प्यात जी कार्डं उरली तेच न आलेले. वेगळी यादी करावी लागायची नाही. निघण्याआधी ती कार्डं घेऊन स्वयंसेविकेजवळ बसायचं, आणि ती सांगायची: हा मुलीकडे गेलाय, ही आजारी आहे, याला तुमच्या गोळ्यांनी चक्कर येते म्हणून त्याने सोडल्यात. ही शेवटची पंधरा मिनिटं माझ्या मते पूर्ण दिवसातली सर्वांत मोलाची. फोन नंबर घेताना तो कोणाचा आहे हेही लिहा. नंबर बहुतेकदा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो, आणि त्याच्यापाशी कोणता निरोप ठेवायचा, कोणता नाही, हे त्या माणसाला विचारून घ्या.

खासगीपणाचा विचार गाडीत वेगळ्याने करावा लागतो. गाडीच्या पातळ पत्र्यातून आतलं बोलणं बाहेरच्या रांगेला ऐकू जातं. आम्ही जनरेटर विरुद्ध बाजूला ठेवायचो, त्याच्या आवाजात छाती तपासता येत नाही म्हणून त्या वेळेपुरता तो बंद करायचो, आणि रांग गाडीपासून बऱ्याच अंतरावर बसवायचो. शक्य असेल तिथे शाळेची किंवा समाजमंदिराची खोली मागून घ्या. सगळं गाडीतच झालं पाहिजे असा अट्टहास नको. गाडीने माणसं आणि साहित्य पोहोचवलं तरी पुरे.

तुमच्या रांगेत कोण नाही, हेही पाहत राहा. दुपारी 11 ते 3 थांबलात तर कामावर जाणारे पुरुष आणि मजुरीवरच्या बायका कधीच दिसणार नाहीत. ज्येष्ठ आणि लहान मुलं मात्र भरपूर दिसतील आणि तुम्हाला वाटेल की वस्ती झाली. आम्ही महिन्यातले चार थांबे संध्याकाळी ठेवले, तेव्हा पहिल्यांदा चाळिशीतले पुरुष आले, आणि त्यांच्यातले बरेच जण वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं अंगावर काढत होते. तंबाखूबद्दलही त्यांच्याशीच बोलायचं असतं. प्रत्येक भेटीत दोन मिनिटं, न रागावता, दर वेळी. एकदाच दिलेल्या लांबलचक भाषणापेक्षा हे जास्त काम करतं.

केंद्राशी असलेलं नातं हा नाजूक भाग आहे. फिरती गाडी येऊ लागली की ‘तिथे आता सोय आहे’ असं म्हणून कायमचं उपकेंद्र मागे पडण्याचा धोका असतो. तो मी पाहिला आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून गाडीचं वेळापत्रक केंद्राला लेखी द्या, तुमच्या नोंदींची प्रत त्यांना द्या, शक्य असेल तर त्यांची एक परिचारिका महिन्यातून एकदा तुमच्याबरोबर येऊ द्या. पुढे पाठवायच्या चिठ्ठीवर नुसतं रुग्णालयाचं नाव लिहू नका. वार, वेळ, खोली, कोणाला भेटायचं हे लिहा, आणि चिठ्ठीचा खालचा भाग तिथून भरून परत येईल अशी सोय करा. अहवालात पहिली ओळ ‘किती तपासले’ ही नको. पाठवलेल्या 100 पैकी किती पोहोचले आणि रक्तदाब सापडलेल्यांपैकी किती जणांचा सहा महिन्यांनी आटोक्यात आहे, हे दोन आकडे वर लिहा. सुरुवातीला ते लाजिरवाणे असतील. तरी लिहा.

राहिला एक्स-रे. ते यंत्र वाईट आहे असं नाही. क्षयरोग शोधण्यासाठी ते खरोखर उपयोगी आहे, आणि 15 वर्षांवरील लोकांचे छातीचे एक्स-रे संगणकाने वाचून संशयित निवडायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यताही दिली आहे. पण एक्स-रेवर डाग दिसला म्हणजे क्षय ठरत नाही. थुंकीची रेणवीय चाचणी (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी) लागते, तिचा निकाल परत त्या घरी पोहोचवावा लागतो, आणि पुढे महिनोन्महिने औषध चालवावं लागतं. शिवाय किरणोत्साराचा परवाना, प्रशिक्षित तंत्रज्ञ, विजेचा भार हे सगळं येतं. तुमच्या भागात क्षयरोगाचं प्रमाण जास्त असेल आणि जिल्ह्याचा क्षयरोग विभाग थुंकीची चाचणी आणि उपचार लेखी स्वीकारत असेल, तर दुसऱ्या वर्षी यंत्र घ्या. पहिल्या वर्षी घेऊ नका.

दात्यांना नकार कळवू नका, बदल सुचवा. त्यांना लिहा की पहिल्या वर्षी आम्हाला तीन गोष्टींची गरज आहे: पडताळणी झालेली रक्तदाबाची स्वयंचलित यंत्रं तीन मापांच्या पट्ट्यांसह, प्रत्येक थांब्यावरच्या स्वयंसेविकेचं मानधन आणि प्रशिक्षण, आणि 35 दिवसांच्या हिशेबाने वर्षभर न तुटणारा औषधसाठा. सोबत वरचं 39 माणसांचं आणि आठ फेऱ्यांचं गणित जोडा. आमच्या दात्यांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी विचारलं की स्वयंसेविका 14 च पुरतील का. थांबे आणि वस्त्या यांचा नकाशा, केंद्राचे उघडे दिवस आणि परिचारिकांना औषधांची कितपत मुभा आहे हे तुम्ही कळवलंत, तर पहिल्या फेरीचं वेळापत्रक तुमच्याबरोबर बसून मांडायला मी तयार आहे.